रोजचा रुपया आणि शिगेचे माप

बायबलच्या मराठी भाषांतरांची परीक्षा करताना आपण बहुधा मोठे शब्द हाती घेतो. कृपा, तारण, नीतिमत्त्व यांवर पाने भरतात. नाण्यांच्या आणि मापांच्या शब्दांकडे फारसे कोणी वळत नाही. वस्तुतः शुभवर्तमानात येशू सतत मोजत असतो. चिमण्यांची किंमत, मजुराचा रोज, दासाचे कर्ज, पिठाची मापे हे सारे त्याच्या दृष्टांतांचे साहित्यच आहे. मापाचा शब्द ढळला की दृष्टांताचा तोलही ढळतो.

बायबल सोसायटीची परिचित मराठी आवृत्ती घेऊ. तीत रोमन दिनार या नाण्यासाठी 'रुपया' हा शब्द योजला आहे. आजच्या वाचकाला तो भाबडा वाटेल. आमच्या मते ती निवड विलक्षण नेमकी होती. रोमन दिनाराचे सोळा 'अस' होत आणि एका असाचे चार 'क्वाद्रांस'. आपल्या जुन्या रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे. दिनार चांदीचा, रुपयाही चांदीचा. म्हणजे पायरीला पायरी जुळत होती. विधवेने दानपेटीत टाकलेली दोन नाणी मिळून एक क्वाद्रांस होतो, असे संत मार्क स्वतः सांगतो. तो दिनाराचा चौसष्टावा भाग, म्हणजे बरोबर एक जुना पैसा. बारा तासांच्या मजुरीतले जेमतेम अकरा मिनिटांचे मोल! आणे-पैचा हिशेब पाठ असलेल्या आपल्या आजी-आजोबांना हे समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि ही शिडी मोडली. रुपया राहिला, पण त्याचे वजन उतरत गेले. आता तेच भाषांतर मोठ्याने वाचून पाहावे. चांगला शोमरोनी जखमी माणसासाठी उतारशाळेत दोन रुपये ठेवतो. ऐकणाऱ्या मुलाला तो कंजूष वाटतो. पाच हजार लोकांसाठी दोनशे रुपयांच्या भाकरी हा विनोद होतो. बेथानीच्या घरातील तीनशे रुपयांचे सुगंधी तेल इतके स्वस्त ठरते की यहूदाची तक्रार निव्वळ क्षुद्र वाटू लागते. ते तेल जवळजवळ वर्षाच्या मजुरीचे होते. त्याची तक्रार ऐकणाऱ्याला पटण्यासारखी होती, आणि म्हणूनच तो प्रसंग अवघड आहे.

सर्वांत मोठी हानी झाली आहे ती क्षमा न करणाऱ्या दासाच्या दृष्टांताची. मूळ ग्रीक मजकुरात त्याचे कर्ज दहा हजार तालांत आहे. तालांत हे मुळात वजन; नाण्यांच्या हिशेबात त्याचे सुमारे सहा हजार दिनार, म्हणजे सहा हजार दिवसांची मजुरी. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवस! हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या प्रांतांतून वर्षाला दोनशे तालांत मिळत, असे योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो. एका दासाचे कर्ज दोन प्रांतांच्या पन्नास वर्षांच्या महसुलाइतके झाले. उलट सोबतीच्या दासाचे देणे शंभर दिनार. भाषांतरात ते 'शंभर रुपये' वाचले की आपण हसून पुढे जातो: एवढ्यासाठी गळा धरायचा? पण शंभर दिवसांची मजुरी ही चार जणांच्या घराला हादरा देणारी रक्कम आहे. येशू किरकोळ देणी सोडून द्या असे म्हणत नाही. खरोखर झोंबणारे नुकसान तो समोर ठेवतो आणि मग त्याच्या शेजारी सहा कोटी मांडतो. रुपयाने हे पहिले पारडेच रिकामे करून टाकले आहे.

या आवृत्तीत हिशेबाची आणखीही ढिलाई आहे. तालांतांच्या दृष्टांतात एका तालांताचे हजार रुपये केले आहेत. दिनाराचा रुपया धरला तर ते सहा हजार हवेत. दोन चिमण्यांची किंमत आणि विधवेचे दान, दोन्हींसाठी 'दमडी'. मूळ नाण्यांत मात्र चौपटीचा फरक आहे. चिमण्या असाच्या, म्हणजे आण्याच्या. विधवेजवळ तेवढाही नव्हता.

मग करावे काय? रकमा वाढवून 'पाचशे रुपये' लिहावे, तर तेही दहा वर्षांत शिळे होईल. नुसता 'दिनार' ठेवला तर शब्द शुद्ध, अर्थ मुका. आमच्या मते द्राक्षमळ्याच्या दृष्टांतानेच वाट दाखवली आहे: दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. जेथे वाक्य पेलते तेथे सरळ 'दोन दिवसांची मजुरी' लिहावे. एरवी तळटीप द्यावी आणि ती वेदीजवळच्या वाचकाने प्रवचनापूर्वी सांगावी. भाषेला प्रमाण हवे असते, चालू नाणे नव्हे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आणे गेल्यावरही जिवंत आहे. तिचे पंचवीस पैसे आणि पंचाहत्तर पैसे करायला कोणी धजावत नाही.

एका शब्दासाठी मात्र या भाषांतरकारांचे ऋण मानले पाहिजे. संत लूकच्या सहाव्या अध्यायात दाबून, हलवून भरलेल्या मापासाठी त्यांनी 'शीग' हा शब्द वापरला आहे. पायलीने भात मोजताना काठावर हात फिरवला की माप सपाट. न फिरवता दाणे ओसंडेपर्यंत रास चढू दिली की ती शीग. उत्साह 'शिगेला' पोचतो तो येथूनच. सपाट मापात फसवणूक नाही, व्यवहार चोख आहे. शीग ही देणाऱ्याची मर्जी. मूळ ग्रीक शब्दाला अंगावरच्या वस्त्राच्या घोळाचा अर्थ आहे, त्यासाठी 'पदर' हाही तितकाच सहज आला आहे. 1956 च्या कायद्यानंतर पायली मागे पडली आणि धान्य किलोवर गेले. किलोला शीग नसते, काटा मध्यावर आला की दुकानदाराचा हात थांबतो. म्हणून एखादा नवा भाषांतरकार मुलांना कळावे या हेतूने येथे 'भरपूर' असा शब्द घालील, अशी भीती वाटते. त्याने तसे करू नये. भात मोजलेली माणसे वसईत आणि कोकणात अजून आहेत; मुलांनी त्यांना विचारावे.