दोन जामीनदारांवरची रात्र

नाटकावर टीका करायला टीकाकार आहेत, क्रिकेटवर टीका करायला अख्खं गाव आहे, आणि सुनेच्या आमटीवर टीका करायला तर कुठली पात्रताच लागत नाही. पण झोळीतल्या सहलीबद्दल दोन्ही बाजू तोलून कुणी लिहिलंय, असं माझ्या पाहण्यात नाही. जे लिहितात ते भाटगिरी करतात. ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘ताऱ्यांच्या चांदव्याखाली’, ‘शहराच्या कोलाहलापासून दूर’, हे त्यांचे ठरलेले शब्द. मी पडलो कॉमर्सचा माणूस. जमेच्या बाजूला एवढं लिहिलेलं दिसलं की नावेच्या बाजूला काय आहे, हे विचारल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. शनिवारी दुपारी शहरातून निघायचं, तासाभरात गाठता येईल असा डोंगर गाठायचा, दोन झाडांच्या मध्ये नायलॉनची झोळी, म्हणजे हॅमॉक, बांधायची, तिच्यात रात्र काढायची आणि रविवारी जेवायला घरी. बँकांना २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागल्यापासून ही साथ आमच्या खात्यापर्यंत आली. आता हा खेळ म्हणे ‘मोठ्या शहराजवळचा’ आहे. धुळं नि जळगाव ही मोठी शहरं आहेत का, असं मुंबईचे लोक विचारतील. दोन्ही गावांना २००३ साली महानगरपालिका मिळाली आहे. म्हणजे कागदोपत्री ती महानगरंच, आणि बँकेत कागद असला की पुरे.

मी या नाटकाचे तीन प्रयोग पाहिले. दोन लळिंगला, किल्ल्याच्या पायथ्याशी एका ओळखीच्या माणसाच्या शेतात. आणि एक चाळीसगावकडे, पाटणादेवीच्या रस्त्यावर. (खुद्द पाटणादेवी गौताळा अभयारण्यात येते, तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय रात्री झोळी टांगता येत नाही. त्या भागात बिबट्या आहे. तुम्ही झोळीत शांतपणे पहुडलेले असता तेव्हा त्याला तो टांगलेला डबाच वाटणार.)

पहिला अंक चांगला बांधलेला आहे, हे मान्य केलं पाहिजे. झोळीला दोन झाडं लागतात. आमच्या भाषेत दोन जामीनदार. दोघांत बारा ते पंधरा फुटांचं अंतर हवं, दोघंही मांडीएवढे तरी जाड हवेत आणि दोघंही जिवंत हवेत. (कर्जाच्या बाबतीत ही शेवटची अट कधीकधी वसुलीच्या वेळीच तपासली जाते.) बांधायला सुतळी चालत नाही, ती झाडाची साल कापते; दोन बोटं रुंद पट्टा लागतो. पट्टा फार ताणायचाही नाही. जमिनीशी साधारण तीस अंशांचा कोन ठेवायचा आणि आपण बसल्यावर झोळी खुर्चीच्या उंचीला आली पाहिजे. हे सगळं आमच्या कर्जविभागातला तरुण मोबाईलवर कोन मोजून करतो. सूर्य किल्ल्यामागे उतरत असतो, चहा उकळत असतो, आणि बांधावरची दोन कडुनिंबाची झाडं जन्मभर आपलीच वाट पाहत उभी होती असं वाटू लागतं.

पहिल्या प्रयोगाला याच वेळी एक मेंढपाळ मेंढरं घेऊन बांधावरून चालला होता. तो थांबला. त्याने झोळीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, पुन्हा झोळीत वाकून पाहिलं आणि काळजीने विचारलं, “भाऊ, पोऱ्या कोठे शे?”

आमच्या हेडकॅशियरांनी त्याला सांगितलं की पोरगं नाही, आम्हीच झोपणार आहोत. तो काही बोलला नाही. थोडं पुढे जाऊन मात्र त्याने एकदा वळून पाहिलं.

दुसरा अंक झोपण्याचा, आणि तिथेच नाटक ढेपाळतं. झोळीत लांबीच्या रेषेत सरळ झोपलात तर तुमचं केळं होतं. आम्ही केळीच्या जिल्ह्याजवळचे, आम्हाला तो बाक पाठ आहे. पण पाठीला तो पाठ होईपर्यंत मध्यरात्र उलटते. त्यावर उपाय म्हणजे तिरकं झोपायचं, डोकं एका बाजूला नि पाय दुसऱ्या बाजूला, की पाठ जवळजवळ सपाट होते. हा शोध खरोखर चांगला आहे आणि त्याचं श्रेय मी मोकळ्या मनाने देतो. पण थंडीचं काय? डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर येतो, आणि झोळीत थंडी वरून येत नाही, खालून येते. गोधडी अंगाखाली घेतली तर ती वजनाने दबते. गोधडीची ऊब तिच्यातल्या हवेत. हवा गेली की नुसतं कापड उरतं. म्हणून दुसरी गोधडी झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूला, सैल टांगावी लागते. सासूबाईंनी हाताने शिवलेली गोधडी मी अशी बाहेर टांगणार असल्याचं त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “जवाईबापू, घरमा खाट नही शे का?”

डासही खालूनच येतात आणि पातळ कापडातून आरामात काम उरकतात. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात मी पुष्कळ नाटकं पाहिली आहेत. उघड्यावरची कला नि डास यांचं नातं मला नवं नाही. शांततेचं म्हणाल, तर लळिंगच्या पायथ्याशी मुंबई-आग्रा रस्ता आहे. रात्रभर ट्रक घाट उतरतात नि प्रत्येक ड्रायव्हर हॉर्नवर आपली एक स्वतंत्र चाल वाजवतो. भाटांच्या एकाही लेखात हॉर्न नाही. ज्या एकांताची जाहिरात असते तो या नाटकात रंगमंचावर येतच नाही, ही माझी पहिली तक्रार.

एकांतासाठी लळिंगला उतरलेले लोक पूर्वीही होते, पण त्यांची गोष्ट वेगळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली एका खटल्यासाठी धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात राहिले होते. दरवर्षी ३१ जुलैला त्या आठवणीसाठी तिथे माणसांची रीघ लागते. त्यांच्या मुक्कामाला काम होतं, पक्षकार होता. आमच्या मुक्कामाला नुसता रविवार.

दुसरी तक्रार नावीन्याची. धुळं हे राजवाडे संशोधन मंडळाचं गाव. इथला माणूस झोळीचाही इतिहास काढल्याशिवाय तिच्यात झोपत नाही. कोलंबस १४९२ साली बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथले लोक टांगलेल्या जाळ्यांत झोपताना त्याला दिसले, आणि त्या जाळ्या कापसाच्या होत्या. पुढे १५९७ साली इंग्रजांच्या आरमाराने त्या जहाजांवर घेतल्या. एका खलाशाला टांगायला रुंदी मिळे चौदा इंच, एस.टी.त तिघांच्या बाकावर चौथा आला की साधारण तेवढीच उरते. म्हणजे मूळ माल कापसाचा, आणि आम्ही खानदेशातले, कापसाच्या राशींवर लोळून मोठे झालेले लोक, नायलॉनची झोळी टपालाने मागवतो. याला व्यापार म्हणावा की विनोद, हे मी वाचकांवर सोपवतो.

पण खरी नावे बाजू याहून जुनी आहे. पहाटे तीनला थंडीने जाग आली आणि ईशान्येला सप्तर्षी वर आलेले दिसले. माझी आजी त्यांना म्हातारीची खाट म्हणायची. मागचे तीन तारे म्हणजे ती खाट पळवायला आलेले चोर. हे तिने मला कुठल्या सहलीत सांगितलं नव्हतं. आमचं घर मातीच्या धाब्याचं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकला की संध्याकाळी धाब्यावर पाणी शिंपायचं, अंथरुणं टाकायची, उशाशी तांब्या ठेवायचा. सगळी गल्ली आभाळाखाली. शेजारच्या धाब्यावरचा खोकला ओळखीचा. त्या रात्रीला भाडं नव्हतं, साहित्य नव्हतं, दुसरा शनिवार लागत नव्हता. पुढे धाब्याच्या जागी स्लॅब आला, स्लॅबवर टाक्या आल्या, खोलीत कूलर आला, मग फ्लॅट आला नि गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे गेली. खाट चोरांनी नेली, आणि आता तीच आम्ही दहा किलोमीटर जाऊन रोख पैशाने सोडवून आणतो. भाट ज्याला ‘शहरापासून दूर’ म्हणतात, ते मुळात आमच्या घराच्या डोक्यावर होतं.

याउपर एक गोष्ट मला आमच्या सौ.ने दाखवली, आणि टीकाकाराच्या नजरेतून ती सुटायला नको होती असं तिचं मत आहे. तिन्ही प्रयोगांत पात्रं सगळी पुरुष. “टांगून घ्यायचं म्हणजे तुमचंच कौतुक,” ती म्हणाली. “आखाजीला आम्ही काय करायचो?” खानदेशातल्या वाचकाला हे सांगायला नको. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात नि गाणी म्हणत दिवस दिवस झोके घेतात. पुरुष त्या दिवशी पत्ते कुटतात. झोका चढला की गावाबाहेरचा रस्ता दिसायचा, सौ. म्हणते, सासरचा नाही, दुसराच एखादा. मोकळ्या आभाळाखाली झाडाला टांगून घेण्याची कला या मुलखात बायकांची आहे, आणि तिच्यावर भाटांच्या लिखाणात एक ओळ नाही.

आणि कापूस वेचणारी बाई बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधून तिच्यात तान्हं टाकते, दोन ओळी वेचून येते, एक झोका देते, पुन्हा ओळीला लागते. कोन तिने कधी मोजलेला नसतो. पोर मात्र झोपलेलं असतं. मेंढपाळाने आमच्या झोळीत वाकून जे शोधलं ते हेच होतं. त्याच्या हिशेबी झोळी ही ज्याला स्वतःची पाठ टेकता येत नाही त्याच्यासाठी असते.

तरीही हा प्रयोग पाहूच नका, असं मी म्हणणार नाही. तिसरा अंक, पहाटेचा, फार सुंदर आहे. ट्रक कमी होतात, तितर ओरडतात, किल्ल्याचा कडा आधी राखाडी नि मग तांबूस होतो, आणि दोन्ही जामीनदार जागच्या जागी उभे असतात. एवढ्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल. फक्त पात्रयोजना बदलायला हवी, असं माझं समीक्षक म्हणून मत आहे, आणि नवरा म्हणून तर पर्यायच नाही. येत्या आखाजीला सौ.च्या माहेरी, वाड्यामागच्या निंबाला एक झोका नि एक झोळी बांधायची असं ठरलंय. झोका तिचा, झोळी सासूबाईंची. मला धाबं दिलंय. रजेचा अर्ज कालच टाकला; कारणाच्या रकान्यात ‘झोका’ लिहिता येत नाही, म्हणून ‘घरगुती’ लिहिलं.