भास्करबुवा बखले : गवई आणि रचनाकार

गायनाचार्य भास्करबुवा बखले यांची गवई या नात्यानें असलेली योग्यता कोणी नाकारीत नाहीं. परंतु रचनाकार म्हणून त्यांना मान द्यावा कीं नाहीं, याविषयीं दुमत आढळतें. हिंदुस्थानी चिजांवर मराठी शब्द बसविण्यांत प्रतिभा ती कोणती, असा आक्षेपकांचा सवाल असतो.

१८६९ सालीं गुजराथेंतील कठोर येथें जन्मलेले बुवा लहानपणीं किर्लोस्कर मंडळींत नट होते. आवाज फुटल्यावर रंगभूमि सुटली. मग फैजमहंमदखां, नथ्थनखां व अल्लादियाखां यांजकडून त्यांनीं ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तीनही घराण्यांची विद्या संपादिली. १९१६ सालीं खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकास चाली देतांना ही सारी कमाई त्यांनीं रंगभूमीच्या पदरांत टाकली.

आमच्या मतें रचना म्हणजे केवळ नवी सुरावट नव्हे. यमन, भीमपलास, बिहाग हे राग पूर्वींचेच; पण रुक्मिणीच्या कोणत्या भावास कोणता राग शोभेल, कोणत्या शब्दावर सम पडावी, बालगंधर्वांच्या गळ्याला विस्तारास वाव कोठें द्यावा, हें ठरविणें रचनाकाराचेंच काम होय. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रां’त साकी-दिंडीची गोडी होती, ‘स्वयंवरा’नें ख्याल मध्यमवर्गाच्या घरांत आणला. मैफलीची पायरी न चढलेल्या गृहिणीही राग ओळखूं लागल्या, ही कामगिरी लहान म्हणतां येणार नाहीं.

तथापि दोष झांकण्याचें कारण नाहीं. पदें आलापतानांनीं फुगलीं, ‘वन्समोअर’च्या गजरांत कथानक खोळंबलें, आणि नाटक हें गाण्याचें निमित्त ठरूं लागलें. याचें खापर केवळ बुवांवर फोडणें अन्यायाचें होईल. पण हें दार त्यांच्याच चालींनीं उघडलें, हें मान्य केलें पाहिजे.

१९११ सालीं बुवांनीं पुण्यास भारत गायन समाज स्थापिला. त्याच वर्षीं युरोपांत निवर्तलेला रचनाकार गुस्टाव माहलर आपल्या कृति स्वरलिपींत मागें ठेवून गेला. १९२२ सालीं बुवा गेले तेव्हां त्यांनीं मागें ठेवले ते शिष्य. त्यांपैकीं मास्तर कृष्णरावांनीं तोच वारसा ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ यांसारख्या बोलपटांत आणि १९४२ च्या ‘कुलवधू’ नाटकांत पद आटोपशीर करून पुढें नेला. गुरूच्या रचनेंतील अतिरेक शिष्याच्या हातून असा निवळावा आणि तिचें सत्त्व मात्र टिकावें, याहून रचनाकाराच्या थोरवीचा निराळा पुरावा आम्हांस नको.