कार्ल्याची खारी पेटी आणि सहा ओळींची यादी

आमच्यासमोर एक यादी आहे. कार्ल्यात राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना शोभेच्या माशांच्या एका दुकानदाराने ती करून दिली. त्यांच्या घरी समुद्राच्या पाण्याची, मासे व प्रवाळसदृश प्राणी असलेली काचपेटी आहे. ती ‘सुधारण्यासाठी’ यादीत सहा गोष्टी आहेत : नवा दिवा, पाणी थंड करणारा चिलर, मोठा स्किमर, अतिनील किरणांचा निर्जंतुक, सर्व यंत्रे चालूबंद करणारा नियंत्रक आणि शेवटी फांद्यांच्या प्रवाळाचे तीन तुकडे. जवळच्या शाळेतील मुले ही पेटी पाहायला येतात. तशीच एक शाळेत करावी, असे तेथील विज्ञानशिक्षकांच्या मनात आहे. त्यामुळे यादी वाटते तितकी खासगी राहिलेली नाही, आणि तिचे परीक्षण येथे करणे आम्हांस योग्य वाटते.

आधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी आमचा सल्ला विचारला होता. आम्ही ‘चांगला स्किमर घ्या’ म्हणालो. त्यांनी घेतला. पुढच्या जून महिन्यात वादळी पावसात रात्री नऊला लाइट गेली, ती सकाळी सातला आली. तोवर चारपैकी तीन विदूषक मासे मेले होते. उत्तम स्किमर शेजारी निमूटपणे उभा होता.

त्या रात्री काय घडले याचे गणित नववीच्या वर्गातही करता येईल. पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच, म्हणजे सुमारे ३०० लिटरची. २६ अंश सेल्सिअसला समुद्राच्या पाण्यात, समुद्रसपाटीवर, लिटरमागे साधारण ६.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. गोड्या पाण्यात तो ८ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे मिठामुळेच मोठी घट होते. कार्ले सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तेथे हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी असल्याने आकडा ६.१ वर येतो. ३०० लिटरला गुणले तर सगळ्या पेटीत प्राणवायू दोन ग्रॅमसुद्धा नाही! रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असते. मासे, दगडांवरचे जीवाणू, शैवाल असे सगळेच त्या दोन ग्रॅमांवर जगतात. पंप थांबून पाणी अगदी निश्चल झाले, तर पृष्ठभागावर विरघळलेल्या प्राणवायूला केवळ विसरणाने एक सेंटिमीटर खाली जायला काही तास लागतात. तळाशी बसलेल्या माशाने तोवर करायचे काय?

म्हणून यादीवरचा आमचा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप तिच्यात जे नाही त्याबद्दल आहे. सहा ओळींत बॅटरीचा उल्लेख नाही. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची छोटी बॅटरी आणि पाच वॅटचा हवापंप एवढ्यावर हिशेबाने सोळा तास निघतात. प्रत्यक्षात निम्मे धरले तरी वादळी रात्र बहुतेक सरते. यादीतील इतर कोणत्याही वस्तूपेक्षा हा खर्च कमी आहे. दुकानदाराला ती सुचली नाही, हे समजू शकते. बॅटरी दिसायला सुंदर नसते आणि पेटीखाली दडलेली असते. पण आम्हांलाही सुचली नव्हती. आम्ही पाण्याच्या रसायनाचा विचार करत बसलो, कार्ल्याच्या विजेच्या तारांचा केला नाही.

आता दिवा आणि चिलर. ही जोडी एकत्रच तपासली पाहिजे, कारण एक दुसऱ्याला जन्म देतो. प्रवाळांच्या ऊतींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालांना प्रकाश हवा, म्हणून पूर्वी २५० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे लावत. त्यांनी पाणी तापे, म्हणून चिलर घेत. चिलर ती उष्णता खोलीत सोडी, म्हणून खोलीला पंखा. ३०० लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे १२ लाख ज्यूल लागतात. १०० वॅटची उष्णता पाण्यात उतरत राहिली, आणि बाहेर काही गेली नाही असे धरले, तर तासाला ०.३ अंश वाढ, आठ तासांत जवळजवळ अडीच अंश. चांगला एलईडी दिवा तेवढाच उपयुक्त प्रकाश कमी विजेत देतो, आणि त्याची बरीचशी उष्णता वरच्या पंख्यांच्या पट्ट्यांतून हवेत जाते. म्हणून दिवा बदलावा हे आम्हांस मान्य आहे. पण मग चिलर कशाला?

चिलरला कार्ल्यात फारच स्वस्त पर्याय आहे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल घेऊन जाते. म्हणजे एका लिटराच्या बाष्पीभवनाने ही संपूर्ण पेटी दोन अंशांनी थंड होते. माठाचेच तत्त्व! एप्रिल-मेमध्ये मावळातली दुपार तापलेली पण कोरडी असते, तेव्हा पाण्यावर तिरपा लावलेला छोटा पंखा हे काम करतो. पावसाळ्यात हवा दमट होऊन तो निकामी ठरेल, हे खरे. मात्र पावसाळ्यात येथे हवाच थंड असते, गरजच राहत नाही. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात हेच उत्तर चालणार नाही. यादी करणाऱ्याने गाव विचारलेच नाही, असे दिसते.

पंख्याची किंमत अर्थात दुसरीकडे मोजावी लागते. वाफ होते ते पाणी, मीठ मागे राहते. रोज तीन लिटर उडाले आणि भर घातली नाही, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेली क्षारता आठवड्यात ३७.५ च्या वर जाते. भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. येथे शिकलेली माणसेही चुकतात. ते पाणीही विंधणविहिरीचे नको. काळ्या पाषाणातून आलेल्या पाण्यात सिलिका असते, आणि तिच्यावर डायटम पोसून काचेवर तपकिरी थर चढतो. उलट-परासरणाचे पाणी आणि तरंगत्या झडपेची बादली ही दुसरी वस्तू, जी यादीत असायला हवी होती.

स्किमरला आम्ही नावे ठेवणार नाही. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर सेंद्रिय रेणू चिकटतात आणि फेसाबरोबर बाहेर पडतात. समुद्रकाठी वादळानंतर दिसणारा फेस बराचसा असाच असतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून हे यंत्र तेथे चालते, गोड्या पाण्यात जवळपास नाही. पण असलेला चालू असताना मोठा कशासाठी? या छंदाच्या इतिहासात ‘मोठे म्हणजे चांगले’ या समजुतीने एकदा सपशेल मार खाल्ला आहे. १९८० च्या दशकात ठिबकणाऱ्या गाळण्यांची मोठी लाट आली. त्या अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर झपाट्याने करीत, आणि नायट्रेट पाण्यात साचत राही. सच्छिद्र समुद्री दगडाच्या आत, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथील जीवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्येच सूर्यप्रकाश, असे जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर पेटी राखण्याची रीत प्रसिद्ध केली होती. महागड्या गाळण्या पुढे अनेकांनी काढून टाकल्या. कार्ल्याच्या भरीव काळ्या दगडाला अशी आतली जागा नसते, तेव्हा शाळेने गावचा धोंडा टाकून भागवू नये. सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे घ्यावेत.

अतिनील दिव्याविषयी एकच वाक्य : तो पाण्यात तरंगणाऱ्या जंतूंपुरता आहे, दगडावर किंवा माशाच्या अंगावर असलेल्यांना तो दिसतही नाही. नियंत्रकाविषयी तेवढेही नको.

पाण्याच्या हालचालीबद्दल मात्र थांबले पाहिजे. चैत्रात एकवीरेच्या यात्रेला कोकणातून कोळी मंडळी कार्ल्यात येतात. एका वर्षी त्यांच्यातल्या एक बाई ही पेटी पाहायला आल्या होत्या. त्यांनी यंत्रांकडे पाहिले नाही, भरती कुठून देता एवढेच विचारले. प्रश्न शास्त्राला धरून होता. प्रवाळाच्या अंगालगत पाण्याचा एक जवळजवळ स्थिर थर असतो. वायू, पोषकद्रव्ये आणि टाकाऊ पदार्थ यांची ये-जा त्यातून होते, आणि प्रवाह जितका जोरकस तितका थर पातळ. मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या गढूळ पाण्यातही खडकांवर प्रवाळ तगून होते. ना दिवा, ना स्किमर, पण दिवसातून दोनदा भरती. पेटीत आलटून पालटून चालणारे दोन लहान पंप काचेच्या दोन टोकांना लावले, तर दुकानदाराच्या सहाही ओळींपेक्षा अधिक फरक पडेल, असे आमचे मत आहे.

हाजी अलीचे ते प्रवाळ २०२० मध्ये किनारी रस्त्याच्या कामासाठी वन्यजीव कायद्याखाली परवानगी घेऊन हलवावे लागले. यावरून यादीची सहावी ओळ किती गंभीर आहे हे कळावे. खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरचा तुकडा, जिवंत असो वा मेलेला, उचलणे वा विकणे हा गुन्हा आहे. ‘सगळीकडे मिळतो हो’ हे दुकानदाराचे उत्तर कागद नव्हे. या गृहस्थांकडे आहेत ते बटणांसारखे झोअँथस, त्या अनुसूचीत नसलेले. तरी तेही मुलांनी हाताळू नयेत, कारण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. मासे घ्यायचे तर पैदास केलेले घ्यावेत. विदूषक माशांची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात केव्हाच साधली आहे.

आम्ही यादी खोडून परत दिली. बॅटरी व हवापंप, दोन प्रवाहपंप, तरंगत्या झडपेची बादली, पंखा, आणि क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर. दिवा पुढच्या वर्षी. अल्कतेसाठी परीक्षणसंच विकत घेऊ नका असे सांगितले, कारण शाळेच्या प्रयोगशाळेत ब्युरेट आहे, प्रमाणित आम्ल आहे. समुद्राच्या पाण्याची अल्कता लिटरमागे २.३ मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास असते. दर शनिवारी दोन मुले बाटलीत पाणी घेऊन जातात, अनुमापन करतात आणि आकडा पेटीशेजारच्या वहीत लिहितात. पहिल्या महिन्यातील चार आकड्यांपैकी एक उरलेल्या तिघांशी अजिबात जुळत नाही. शिक्षकांनी तो खोडू दिलेला नाही. बाटली धुतली होती का, याची चौकशी चालू आहे.