फेस आणि नायट्रेट : एका समजुतीची समीक्षा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात प्रोटीन स्किमर बसविला की नायट्रेट उतरते, असे विधान मत्स्यालयाच्या छंदात सर्रास केले जाते. ते सर्वस्वी असत्य नाही. परंतु त्यातील कार्यकारणभाव चुकीच्या ठिकाणी जोडलेला आहे. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यात जलशुद्धीचा विचार होतो, तेव्हा अशी चूक केवळ छंदापुरती राहत नाही. म्हणून तिची तपासणी इष्ट ठरते.

प्रथम यंत्राचे कार्य पाहावे. उभ्या नळीतील पाण्यातून हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले जातात. प्रथिनांसारख्या सेंद्रिय रेणूंचा एक भाग पाण्याकडे ओढला जातो, तर दुसरा पाणी टाळतो. असे रेणू बुडबुड्यांच्या पृष्ठभागास चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या पेल्यात साचतात. नायट्रेट मात्र पाण्यात पूर्णपणे विरघळलेले असते. बुडबुड्याला चिकटण्याचा गुण त्याच्या ठायी नाही. तेव्हा एकदा तयार झालेले नायट्रेट स्किमरला काढता येत नाही. प्रथिन कुजून अमोनिया, त्यापासून नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट अशी जी जिवाणूंची साखळी चालते, तिचा कच्चा माल तेवढा तो कमी करतो.

या उपयोगाचे मापही करता येते. प्रथिनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. १ ग्रॅम प्रथिन पूर्णपणे कुजल्यास सुमारे ०.७ ग्रॅम नायट्रेट तयार होते. म्हणजे १०० लिटर पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅमची भर पडते. उरलेले अन्न आणि विष्ठा वेळीच निघाल्यास ही भर टळते, हे मान्य केले पाहिजे. परंतु मासा पचविलेल्या अन्नातील बहुतांश टाकाऊ नायट्रोजन कल्ल्यांवाटे थेट अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. तो फेसाच्या हाती कधीच लागत नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनज्ञ केन फेल्डमन यांच्या प्रयोगांतही स्किमरने पाण्यातील सेंद्रिय कार्बनाचा सुमारे पाचवा ते तिसरा हिस्साच निघाला. उरलेल्यासाठी पाणी बदलणे, शेवाळ वाढवून ते काढून टाकणे, किंवा प्राणवायू न पोहोचणाऱ्या वाळूत व खडकांत नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणाऱ्या जिवाणूंवर विसंबणे, हेच मार्ग राहतात.

हे यंत्र भंडाऱ्याच्या तलावांत चालणार नाही, हे उघड आहे. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फेस टिकत नाही. परंतु कुजण्यापूर्वी उपसावे, हे त्यामागील तत्त्व या भूमीस नवे नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या माजी मालगुजारी तलावांचा गाळ काढून शेतात पसरण्याची जुनी चाल याच तत्त्वावर उभी होती. तलावाचा भार शेताचे खत होत असे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजासह तलावांतील बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती लावण्याचे जे कार्य केले, तेही याच दिशेचे आहे. मात्र वनस्पतींनी शोषलेला नायट्रोजन त्या तेथेच कुजल्यास पुन्हा पाण्यात उतरतो, हे विसरता येत नाही.

वैनगंगेच्या बाबतीत ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि तेथून वैनगंगेत येते. इतका प्रवास करून आलेल्या पाण्यात नायट्रोजनाचा बराच अंश विरघळलेल्या रूपात असतो. त्यात हवा खेळविल्याने दुर्गंधी कमी होईल, अमोनियाचे नायट्रेट होईल. परंतु नायट्रोजन तेथेच राहील. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाने घातलेली मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ती केवळ फेसाने वा कारंज्यांनी राखता येणारी नाही.

सारांश, स्किमरचे श्रेय त्याच्या पेल्यात साचलेल्या घाणीइतकेच मानावे. जे त्या पेल्यात येत नाही, त्याचा बंदोबस्त उगमाशीच केला पाहिजे. मत्स्यालयात तो उगम म्हणजे माशांना टाकलेले अन्न होय. वैनगंगेच्या बाबतीत तो नागपुरात आहे. हा भेद न ओळखल्यास मत्स्यालयात चार मासे मरतील. वैनगंगेच्या काठी मात्र ढीवरांची उपजीविका आणि गावांचे पिण्याचे पाणी पणास लागेल.