पाहणीतील प्रश्न आणि उत्तराची भाषा

प्रा. धनंजयराव गाडगीळ (१९०१–१९७१) यांचे नाव अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात बहुधा प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या संदर्भात घेतले जाते. विठ्ठलराव विखे पाटील व त्यांचे सहकारी शेतकरी यांनी उभारलेल्या या कारखान्याचे ते अध्यक्ष होते. परंतु १९५० साली कारखाना सुरू होण्यापूर्वीच, १९४८ मध्ये, गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून होणाऱ्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांच्या पाहणीचा त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे तो या संशोधकाचा.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे गाडगीळ १९३० ते १९६६ पर्यंत संचालक होते. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी (१९४०) आणि पुणे शहराची दोन भागांतील सामाजिक-आर्थिक पाहणी (१९४५, १९५२) ही त्या कारकीर्दीची ठळक फळे होत. केवळ मोजणी हा त्यांचा हेतू नव्हता. पाणीपट्टीची वसुली भांडवली खर्चाच्या मानाने किती, यावरून कालव्याचे मोल ठरविण्याची इंग्रजी अमदानीतील सरकारी रीत होती. गाडगिळांनी कालव्याखालील मुलूख व कोरडवाहू मुलूख शेजारी ठेवून पाण्यामुळे सबंध अर्थजीवनात काय पालट झाला, असा प्रश्न केला. प्रश्न रुंदावताच उत्तराचे स्वरूपही बदलले. संशोधनाचे संचालन म्हणजे मनुष्यबळाची व्यवस्था नव्हे, तर प्रश्नाची निवड होय, हे यावरून ध्यानात यावे.

तथापि भाषाभ्यासकाला येथे एक उणीव जाणवते. अहवाल इंग्रजीत आहे. शेतकऱ्याशी झालेले बोलणे मात्र मराठीतच होणार. या दोहोंमध्ये पाहणी करणाऱ्याने मनातल्या मनात केलेले भाषांतर उभे असते, आणि कोष्टकात त्याचा मागमूस उरत नाही. ‘तुमची जमीन किती?’ या साध्या प्रश्नाला सात-बाराच्या उताऱ्यावर नावे असलेली, प्रत्यक्ष वहितीतली, किंवा भावांत अद्याप न वाटलेली, अशी तीन उत्तरे संभवतात आणि तिन्ही खरी असतात. ‘कुटुंब’ म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे की एका खात्यातील वारस? ‘काम’ हा शब्द मजुरीपुरता घ्यावा, तर घरच्या बागाइतात दिवसभर खुरपणी करणारी स्त्री ‘काम करीत नाही’ असे उत्तर सहज नोंदले जाते. मोजणी निर्दोष असूनही चूक शब्दाच्या वाटेने आत येते.

ही शंका पुस्तकी नव्हे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९५०-५१ मधील पहिल्या फेरीत काही खेड्यांसाठी गोखले संस्थेने स्वतंत्र प्रश्नपत्रके वापरली आणि त्यांवर वेगळा अहवालही पुढे प्रसिद्ध झाला. पत्रकाची घडण हा स्वतंत्रपणे तपासण्याचा विषय आहे, ही जाणीव त्या संस्थेत होती. पत्रकाच्या भाषेची तपासणी ही तिचीच पुढची पायरी ठरली असती. भाषाशास्त्रज्ञांनीही तेव्हा या क्षेत्राकडे पाठच फिरविली, हे येथे मान्य केले पाहिजे. बोलींची पाहणी ती आपली व उत्पन्नाची पाहणी ती अर्थशास्त्रज्ञांची, अशी वाटणी आपण निमूटपणे स्वीकारली.

गाडगिळांच्या कार्याचे मोठेपण याने उणावत नाही. ज्या मुलखाचे हिशेब मांडले, त्याच मुलखातील शेतकऱ्यांच्या कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारणारा संशोधक विरळा. मात्र आज पाहण्यांचा व्याप कितीतरी वाढला आहे आणि त्यांच्या आकड्यांवर पाणी, कर्ज व अनुदान यांचे निर्णय होत आहेत. अशा वेळी क्षेत्रपाहणीवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने निदान एवढे करावे: प्रत्यक्ष विचारलेला मराठी प्रश्न जसाच्या तसा परिशिष्टात छापावा, आणि ‘वाटेकरी’, ‘सालगडी’, ‘जिराईत’ यांसारखे शब्द उत्तर देणाऱ्याने कोणत्या अर्थाने योजले ते नोंदवावे. नाहीतर कोष्टकातील आकडा नेमका कशाचा, हे पुढच्या अभ्यासकाला तपासताच येणार नाही.