अपराधाचा कर्ता : दोन युद्धकालीन कादंबऱ्यांविषयी

जॉन नोल्स यांची ‘अ सेपरेट पीस’ (१९५९) ही कादंबरी अमेरिकेतील शाळांत इतकी वर्षे अभ्यासाला नेमली गेली आहे की, तिचे सार सांगण्याची एक ठरीव पद्धतच पडून गेली आहे : बाहेर महायुद्ध, आत मुलांच्या मनांतील युद्ध, आणि शेवटी निरागसतेचा अंत. हे सार चुकीचे नाही. परंतु त्यामुळे कादंबरी ज्या एका वाक्यावर उभी आहे ते वाक्यच वाचकाच्या नजरेतून निसटते.

१९४२ च्या उन्हाळ्यात डेव्हन या निवासी शाळेतील जीन आणि फिनी हे मित्र नदीकाठच्या झाडावर चढतात. जीन हुशार, फिनी खेळाडू. आपला अभ्यास बिघडविण्याचा फिनीचा डाव आहे असा संशय जीनने मनात जोपासलेला असतो. फिनीच्या मनात असे काही नव्हतेच, हे त्याला नुकतेच उमगलेले असते, आणि माझ्या मते हे उमगणेच त्याला संशयापेक्षा अधिक असह्य होते. प्रतिस्पर्धी समान पातळीवरचा तरी असतो. फांदीवर उभ्या असलेल्या फिनीकडे तो एक पाऊल टाकतो, त्याचे गुडघे वाकतात, आणि तो फांदी हालवितो. फिनी खाली पडतो व त्याचा पाय मोडतो.

येथे कर्ते पाहावेत. पाऊल टाकणारा ‘मी’, वाकणारे ‘गुडघे’, फांदी हालविणारा पुन्हा ‘मी’. मराठी अनुवादकाची कसोटी येथेच लागेल. आपल्याकडे ‘वाकणे’ आणि ‘वाकविणे’, ‘हालणे’ आणि ‘हालविणे’ असे धातूंचे भेद रूपातच उघड असतात. शिवाय ‘माझ्या हातून फांदी हालली’ ही तिसरी वाट मराठीत फार सोयीची आहे. कबुली देता देता कर्तेपण सोडून देण्याची ती वाट आहे. अनुवादकाने ती घेतली, तर जीनला मूळ लेखकाने न दिलेली सूट दिल्यासारखे होईल. ‘माझे गुडघे वाकले आणि मी फांदी हालविली’ असेच म्हटले पाहिजे. हेतू होता की नव्हता हे त्या ‘आणि’मध्ये दडलेले आहे, आणि तेथेच ते राहावयास हवे.

पुढील सारी कादंबरी या कर्त्याचा शोध घेत जाते. सैन्यातून मन ढळून परतलेला लेपर साक्ष देतो ती एखाद्या यंत्राचे दट्टे खालीवर व्हावेत अशा भाषेत. तिच्यात माणसे उरतच नाहीत. अखेर रुग्णशय्येवरील फिनीपुढे जीन म्हणतो त्याचा आशय असा की, ते आपल्यातील काहीतरी अजाण, आंधळे होते. ‘मी’ नव्हे, गुडघेही नव्हेत, ‘काहीतरी’. फिनी ते मान्य करतो आणि पुढे मरण पावतो. दुर्दैवाने नोल्स येथे थांबत नाहीत. शेवटच्या पानांत ते शत्रू माणसाच्या आतच असतो अशा अर्थाचे विवेचन जोडतात. हे विवेचन कथेपेक्षा फिके आहे.

गुंटर ग्रास यांच्या ‘कॅट्स उन्ट माउस’ (१९६१) मध्ये असे विवेचन नाही. डान्झिगच्या मैदानावर झोपलेल्या माल्केच्या ठसठशीत कंठमण्यावर मांजर झेपावते. ते आपण होऊन झेपावले, की आमच्यापैकी कुणी ते धरून ठेवले, की मीच? निवेदक पिलेन्त्स हे पर्याय एकापुढे एक ठेवतो आणि निवड करीत नाही. माल्केचा उल्लेखही तो कधी ‘तो’ असा करतो, कधी त्याला ‘तू’ म्हणून हाक मारतो. निवेदनाच्या मधोमध पुरुष बदलणे हा येथे शैलीचा खेळ नव्हे. साक्षीदार आणि आरोपी एकाच तोंडाने बोलत आहेत. पळपुटा सैनिक झालेला माल्के बुडालेल्या पोलिश सुरुंगनाशक जहाजात अखेरची बुडी मारतो, तेव्हा डबे उघडण्याची किल्ली वर डेकवर, पिलेन्त्सच्या पायाखाली, राहिलेली असते.

युद्ध या दोन्ही मुलांना मारीत नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. फिनी अमेरिकेत मरतो, आघाडीपासून दूर. माल्के रणगाड्यावर पराक्रम गाजवून परत आलेला असतो. तथापि, ज्या काळी मारणे हे राष्ट्राचे कार्य ठरते आणि मारणाऱ्याचे नाव पथकात विरून जाते, त्या काळी शाळकरी मुलालाही कर्त्याविना वाक्य रचण्याची सवय लागते. जीन आणि पिलेन्त्स यांना ती नीट लागलेली नाही. म्हणून वर्षे लोटल्यावर त्यांना पुन्हा त्याच वाक्याकडे यावे लागते.