हस्तरला भूक लागते, तहान का नाही?

आमच्या उदगीरकडे जनावर घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, खातं किती? चारशे किलोच्या देवणी गाईला दिवसाला साधारण 10 किलो कोरडा चारा लागतो, हा हिशेब आधी होतो. मग अद्भुतकथेतल्या राक्षसाला तो का लावू नये?

पीएच.डी.च्या पहिल्या आराखड्यात माझा प्रश्न होता : ‘अद्भुतकथेत जैविक वास्तव किती असावं?’ मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "किती म्हणजे? किलोत मोजणार का?" तेव्हा राग आला. पण त्यांचं बरोबर होतं. ‘किती’ला उत्तर नसतं, ‘कोणतं’ला असतं.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) घ्या. भाषा हिंदी, पण जग कोकणातलं. काळ 1918 ते 1947. हस्तरला सोनं मिळालं, धान्य नाकारलं गेलं, म्हणून तो कायमचा भुकेला. कणकेची बाहुली दाखवायची, तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मुद्रा पळवायच्या. तो श्वास कसा घेतो, पाणी पितो का, हे कुणी विचारत नाही. कारण कथा फक्त भुकेवर उभी आहे.

म्हातारीचंही तसंच. हस्तरच्या स्पर्शाने तिला मरण नाही, पण शरीर सडतं. विनायक वर्षांनी परततो तेव्हा तिच्या अंगातून झाड उगवलेलं असतं. मरण नसणं म्हणजे धडधाकट असणं नव्हे, हे एकच जैविक सत्य चित्रपट पाळतो. त्यामुळे ‘अमरत्व’ या शब्दाचीच भीती वाटते.

(पुढे शेवट सांगतेय. पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) बापलेक जास्त बाहुल्या नेतात आणि बाहुलीगणिक एक हस्तर येतो. इथे मी अडखळते. तोवर भूक एका पोटाची होती. हावेची शिक्षा म्हणून हे पटतं, पण नियम म्हणून त्याची तयारी आधी दिसत नाही. चित्रपटाची खरी फट इथे आहे, तहानेत नाही.

ही युक्ती जुनीच आहे. महाभारतातल्या बकासुराला गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते आणणारा माणूस लागतो. भूक एवढी मोठी, म्हणून घरोघरी पाळी. पाळी आहे, म्हणून भीम. बकासुर झोपतो कधी, याने कथेत काहीच बदलत नाही.

तुम्ही आराखडा लिहीत असाल तर ही कसोटी वापरून बघा. एक जैविक गोष्ट कथेतून काढा. कथा कोसळली, तर ती तुमच्या अभ्यासाची. कोसळली नाही, तर लेखकाने ती सोडली म्हणून तक्रार करू नका. आणि जी कथेला पेलून धरते, तिचा नियम मध्येच बदलला असेल, तर मात्र लेखकाला सोडू नका.

माझा आराखडा दुसऱ्या वेळी मंजूर झाला. बदल एकाच शब्दाचा होता.